ओहोटीला दुखणारे गुडघे

उरण तालुक्याच्या दक्षिण टोकाला, द्रोणागिरी डोंगराच्या पायथ्याशी करंजा आहे. समोर धरमतरची खाडी आणि खाडीपलीकडे अलिबाग तालुक्यातलं रेवस. इंग्रजी अमदानीत उरण हा पनवेल तालुक्याचा पेटा होता आणि उरणच्या सगळ्या बेटालाच करंजा बेट म्हणत. ते बेटपण भरावांनी आणि रस्त्यांनी केव्हाच पुसलं. रेवसला जायला मात्र अजून लाँच पकडावी लागते. रस्त्याने जायचं तर पेण-वडखळमार्गे भला मोठा वळसा पडतो. इथे पूल व्हावा ही कल्पना बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हाची, म्हणजे 1980-82 मधली. पुलाचं काम आता कुठे सुरू झालं आहे. दोन्ही काठांवर सोयरिक असलेल्या म्हाताऱ्या माणसांची बारशाला, साखरपुड्याला आणि मयताला जायची वाट तोवर लाँचवरूनच जाते.

म्हातारपण कशामुळे बरं जातं आणि कशामुळे अवघड होतं, हे समजून घ्यायला हा धक्का फार उपयोगी आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला या किनाऱ्यावर पाणी चार-साडेचार मीटर वरखाली होतं, म्हणजे घराच्या एका मजल्याहून जास्त. भरतीला लाँचचा काठ धक्क्याच्या जवळपास येतो. सत्तरीतली बाई हातात पिशवी घेऊन एका पावलात वर येते आणि रिक्षावाल्याशी घासाघीस करायला लागते. सहा तासांनी तीच लाँच खाली गेलेली असते. पायऱ्या ओल्या, त्यांवर शेवाळ, आणि लाँच लाटेवर हलते आहे. ‘आजी, हात द्या.’ ‘थांब रे बाबा, आधी पिशवी घे.’ मग एकजण वरून हात धरतो, एकजण खालून आधार देतो, आणि आजी गुडघ्यावर हात टेकत वर चढते. बाई तीच, गुडघे तेच, सकाळी घेतलेली गोळीही तीच. भरतीला ती धडधाकट होती आणि ओहोटीला परावलंबी झाली.

जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली वार्धक्यावर जो मोठा अहवाल काढला, त्याचा गाभा जवळजवळ हाच आहे. तोवर वृद्धांचं आरोग्य म्हणजे त्यांना किती आजार आहेत याची मोजणी, असा शिरस्ता होता. या अहवालाने प्रश्न बदलला. माणसाला जे करावंसं वाटतं ते त्याला करता येतं का? बाजारात जाता येतं का, नातवंडांना भेटता येतं का, स्वतःचा निर्णय घेता येतो का, चारचौघांच्या उपयोगी पडता येतं का? हे जमणं किंवा न जमणं दोन गोष्टींवर ठरतं. एक अंगची ताकद, म्हणजे चालणं, पाहणं, ऐकणं, स्मरण, मनाची उभारी आणि अंगातली शक्ती. दुसरी भोवतालची परिस्थिती, म्हणजे घर, रस्ता, पैसा, माणसं, सरकार. मधुमेह आणि रक्तदाब असलेला माणूसही चांगलं म्हातारपण जगू शकतो, आणि एकही आजार नसलेला माणूस चार भिंतींत कुजू शकतो. ‘वय झालं की दुखायचंच’ असं आपण म्हणतो तेव्हा दुसरा अर्धा भाग गाळून बोलत असतो. वय कमी करणं कुणाच्या हातात नाही. पायऱ्यांवरचं शेवाळ खरवडणं मात्र आहे.

आधी अंगच्या ताकदीचं बघू. ती तपासायला मोठं यंत्र लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांसाठी एक साधी तपासणी सुचवली आहे. खुर्चीवर बसायचं, हात छातीवर दुमडायचे आणि हाताचा आधार न घेता पाच वेळा उठून बसायचं. हे 14 सेकंदांत जमलं नाही, तर पायांतली ताकद घटते आहे असं समजून पुढे लक्ष द्यायचं. तीन महिन्यांत प्रयत्न न करता तीन किलोंहून अधिक वजन उतरलं असेल तर खाण्याकडे बघायचं. मागे उभं राहून कुजबुजलेले शब्द ऐकू येतात का ते पाहायचं. तीन शब्द सांगून थोड्या वेळाने परत विचारायचे. आशाताईंना दारातल्या दारात करता येईल असं हे काम आहे. केंद्र सरकारचा वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम 2010 पासून आहे. पण गावात वृद्धांची तपासणी म्हटलं की आजही रक्तदाब आणि साखर एवढंच बघितलं जातं. कान, डोळे आणि पाय यांच्याकडे कुणी बघत नाही.

कोळीवाड्यात तर या तिघांकडे आधी बघायला हवं. डिझेल इंजिनाच्या धडधडीत ज्याची तीस-चाळीस वर्षं गेली, त्या खलाशाचे कान साठीच्या आधीच उतरलेले असतात. घरचे म्हणतात, बाबा हल्ली चिडचिडे झालेत, कशात भाग घेत नाहीत. बाबांना ऐकूच येत नसतं. दोन-तीन वेळा ‘काय?’ विचारल्यावर समोरचा वैतागतो, मग माणूस विचारायचं सोडतो आणि हळूहळू बोलायचंही सोडतो. स्मृतिभ्रंशावर ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने 2024 मध्ये टाळता येण्याजोगी 14 कारणं मांडली. त्यांत कमी ऐकू येणं आहे, उपचार न झालेली अधू दृष्टी आहे, माणसांपासून तुटणंही आहे. ही चौदाच्या चौदा कारणं दूर झाली तर स्मृतिभ्रंशाची सुमारे 45 टक्के प्रकरणं टळू किंवा लांबू शकतील, असा त्यांचा अंदाज आहे. श्रवणयंत्राला आपल्याकडे अजून लाजतात. चष्म्याला कुणी लाजत नाही, मग कानाने काय घोडं मारलं आहे?

चष्म्याचंही सांगण्यासारखं आहे. आसामच्या चहामळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या मजुरांना जवळचं दिसायचा साधा चष्मा दिला आणि काम किती वाढतं ते मोजलं. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात चष्मा मिळालेल्यांची पानं खुडण्याची क्षमता, न मिळालेल्यांच्या तुलनेत जवळपास 22 टक्क्यांनी जास्त वाढली, आणि पन्नाशीपुढच्यांची तर त्याहूनही जास्त. कोळीवाड्यात अशी मोजणी झालेली मला माहीत नाही, पण फाटलेलं जाळं सांधणाऱ्या हातांना काय दिसायला लागतं त्याचा विचार करा. नायलॉनचा बारीक दोरा, बोटभर घरं, आणि प्रत्येक गाठ सारख्या मापाची. दृष्टी अधू झाली की गाठ चुकते, मग पोरगा म्हणतो, ‘राहू दे बाबा, मी करतो.’ काढून घेतलेलं ते काम परत मिळत नाही.

काम हातातून कसं जातं, यावर म्हातारपणाचा पोत बराच ठरतो. माझ्या मते कोळीवाड्यांकडून शहरांनी शिकावं असं काही असेल तर ते इथे आहे.

मच्छीमाराला निवृत्तीची तारीख नसते. भर उमेदीत तो बोटीवर, खोल समुद्रात असतो. अंग थकलं की जवळच्या पाण्यात मासे धरतो. तेही होईनासं झालं की किनाऱ्यावर उरतो. तिथे जाळी विणतो, सांधतो, बोट शाकारायला घेतली की काय-काय करायचं ते सांगतो, वारा आणि पाणी बघून दोन शब्द बोलतो. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा जाळ्यांच्या दुरुस्तीला या म्हाताऱ्या हातांची गरज पडते. बायकांचंही तसंच. डोक्यावर पाटी घेऊन लांबचा बाजार करणारी बाई पुढे गावातल्या गावात विकते, नंतर करंदी सोलते, बोंबील वाळत घालते, सुकत टाकलेल्या जवळ्यावर कावळे बसू देत नाही. काम एका दिवसात संपत नाही, ते पायरी-पायरीने हलकं होत जातं. माणसाला प्रत्येक पायरीवर ‘माझ्यावाचून अडतं’ असं वाटायला थोडी जागा उरते.

याचं गोडगोड चित्र मात्र रंगवू नये. देशभरातल्या 45 वर्षांपुढच्या 72 हजारांहून जास्त माणसांची पाहणी मुंबईच्या देवनारमधल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने 2017-18 मध्ये केली. साठीपुढच्यांतली 36 टक्के माणसं काम करत होती. त्यांतली कितीतरी हौसेने काम करत नव्हती, चूल पेटवायला करत होती. दिवसभर उकिडवं बसून करंदी सोलणाऱ्या बाईची कंबर संध्याकाळी सरळ होत नाही. बर्फातल्या मासळीत हात घालून बोटांना चिरा पडतात. आवडीचं काम आणि नाइलाजाचं काम बाहेरून सारखंच दिसतं. आज नको वाटलं तर घरी बसता येतं का, एवढ्यावरून फरक कळतो.

शेजारच्या न्हावा-शेवा बंदराचं चित्र उलटं आहे. 26 मे 1989 रोजी हे बंदर सुरू झालं. बंदरात, ओएनजीसीत, नौदलाच्या शस्त्रागारात नोकरीला लागलेली पहिली पिढी आता निवृत्त होऊन घरी बसली आहे. ज्यांची नोकरी कायम होती त्यांच्याकडे फंडाचे पैसे आहेत, काहींकडे पेन्शन आहे. कोळीवाड्यातल्या समवयस्कांपेक्षा त्यांची आर्थिक बाजू केव्हाही भक्कम. पण 31 तारखेला हारतुरे झाले आणि 1 तारखेला सकाळी कुठे जायचं ते कळेना, अशी गत. शिफ्टच्या तालावर पस्तीस वर्षं चाललेलं आयुष्य एका रात्रीत थांबतं. बाईमाणसाचं असं सहसा होत नाही, कारण तिला घरकामातून कुणी निवृत्तच करत नाही. हा तिच्यावरचा अन्याय आहे, आणि कित्येकदा तोच तिला सावरून धरतो.

कोळीवाड्यातल्या म्हाताऱ्यांच्या हलक्या कामाची जागा खाडीकाठी होती, हे विसरून चालणार नाही. निवट्या, चिंबोऱ्या, कालवं, पाग टाकून मिळणारी मासळी, हे सगळं उथळ पाण्यातलं आणि चिखलातलं उत्पन्न. ते गोळा करायला मोठी बोट लागत नाही, खलाशी लागत नाहीत. म्हातारा माणूस आपल्या वेळेने जातो आणि कालवणापुरतं आणतो. उरण-पनवेलच्या खाड्यांवर गेल्या चाळीस वर्षांत भराव पडले, तिवरं गेली, पाण्याच्या वाटा बुजल्या. मोरा, उरण, गव्हाण आणि हनुमान कोळीवाड्यांतल्या पारंपरिक मच्छीमारांनी याविरुद्ध हरित लवादाकडे दाद मागितली आणि 2015 साली लवादाने 1630 कुटुंबांना मिळून 95 कोटींहून अधिक भरपाई देण्याचा आदेश दिला. भरपाईचा हिशेब कुटुंबामागे झाला. पण खोल समुद्रात तरुण अजूनही जातो. खाडी बुजली की काम जातं ते मुख्यतः म्हाताऱ्यांचं आणि बायकांचं. हा बारकावा कुठल्याच कागदावर येत नाही.

यातल्या हनुमान कोळीवाड्याची कथा आणखी वेगळी. बंदरासाठी शेवा कोळीवाडा उठवला गेला आणि लोकांना नव्या जागी घरं मिळाली. त्या घरांना वाळवी लागली. गावकरी वर्षानुवर्षं दुसऱ्या पुनर्वसनासाठी भांडत राहिले. तरुणपणी घर सोडलेला माणूस नवं गाव करतो. साठीत घर सोडावं लागलेल्याला दारासमोरचं झाड, पाण्याकडे जाणारी पाऊलवाट, अंधारातही पायांना माहीत असलेला उंबरा, सगळंच परकं होतं. वृद्धांचं पडणं बहुतेक वेळा घरातच होतं, न्हाणीत, उंबऱ्यात, रात्री उठताना. ओळखीचं घर हेही एक औषध आहे, ही गोष्ट पुनर्वसनाच्या नकाशात मोजत नाहीत. पोरगा उलव्याला सातव्या मजल्यावर फ्लॅट घेतो आणि आईबापांना प्रेमाने घेऊन जातो, तेव्हाही हेच घडतं. लिफ्ट आहे, कमोड आहे, नळाला चोवीस तास पाणी आहे. पण ओटीवर बसलं की येणारे-जाणारे ‘काय आजी, जेवलात का?’ विचारत ते आता नाहीत. सुख वाढलं आणि बोलणं संपलं.

आता पैशाचं. किती पैसे आहेत यापेक्षा ते कुणाच्या हातात आहेत, याने घरातली जागा ठरते. बाजार करणारी कोळीण या बाबतीत कितीतरी मध्यमवर्गीय बायकांच्या पुढे आहे. मासळी विकून आलेली रोकड तिच्या कनवटीला असते. नातवाला दहाची नोट द्यायची की पन्नासची, देवीच्या जत्रेला किती खर्च करायचा, हे ती ठरवते. बाजार सुटला की ही सत्ता झरझर कमी होते. विधवा बाईचं तर विचारूच नका. भारतात साठीपुढे बायकांची संख्या पुरुषांहून जास्त आहे. 2011 च्या जनगणनेत हजार पुरुषांमागे 1033 बायका होत्या. म्हणजे वार्धक्याचा प्रश्न निम्म्याहून अधिक बायकांचा आहे, आणि जमीन, बोट, घर यांच्या कागदांवर नाव मात्र बहुधा पुरुषाचं. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीने 2023 च्या अहवालात म्हटलं आहे की भारतातल्या वृद्धांपैकी 18 टक्क्यांहून अधिक लोकांना स्वतःचं काहीच उत्पन्न नाही.

यासाठी महाराष्ट्रात श्रावणबाळ योजना आहे. 65 वर्षांपुढच्या निराधारांना महिना 1500 रुपये मिळतात. पूर्वी 600 होते, मग 1000 झाले, 2023 पासून 1500. रक्कम छोटी आहे, पण ज्या घरात ती थेट आजीच्या खात्यात येते तिथे आजीच्या चहाची वेळ चुकत नाही, असं गावोगावचे लोक सांगतात. गोम उत्पन्नाच्या अटीत आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21 हजारांच्या आत हवं. म्हणजे दिवसाला 57-58 रुपये. एवढ्यात अख्खं कुटुंब जगतं असं मानणं हा विनोद आहे, आणि दाखला मिळवायला तहसील कार्यालयात खेटे घालणाऱ्या म्हाताऱ्यांना तो विनोद वाटत नाही. केंद्र सरकारचा वाटा तर साठ ते एकोणऐंशी वयाच्या माणसामागे 200 रुपये, 2007 मध्ये योजना नव्या नावाने सुरू झाली तेव्हा होता तेवढाच. उलट एसटीचा प्रवास पंचाहत्तरीपुढे मोफत झाला, ऑगस्ट 2022 पासून, तो एक निर्णय मला खरोखर शहाणपणाचा वाटतो. त्याला दाखले लागत नाहीत, कुणाकडे हात पसरावा लागत नाही, आणि तो म्हाताऱ्या माणसाला घराबाहेर काढतो. रेल्वेने मात्र मार्च 2020 मध्ये ज्येष्ठांची तिकीट सवलत बंद केली ती करोना ओसरल्यावरही सुरू केली नाही.

उरण-पनवेल पट्ट्यात पैशाला जमिनीचा फाटा फुटतो. 1970 मध्ये नवी मुंबई वसवायला सिडको आली आणि 95 गावांच्या जमिनी संपादनाखाली गेल्या. जानेवारी 1984 मध्ये शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात आंदोलन झालं, पाच माणसं पोलिसांच्या गोळीबारात गेली, आणि त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. ज्या पिढीने लाठ्या खाल्ल्या ती आज सत्तरी-ऐंशीत आहे. तिच्या नावावरच्या भूखंडांना सोन्याचा भाव आहे, आणि घराघरांत वारसांच्या सह्यांवरून कुरबुरी आहेत. ‘बाबा, एकदा बक्षीसपत्र करून टाका म्हणजे पुढे कटकट नको,’ हे वाक्य इथे ओळखीचं आहे.

कुसुमाग्रजांच्या ‘नटसम्राट’मधल्या अप्पासाहेब बेलवलकरांनी 1970 साली रंगमंचावर हेच केलं होतं. सगळं मुलांना वाटून मोकळे झाले. महाराष्ट्र त्यांच्यासाठी रडला. असं देऊन बसलेल्यांना दाद मागता येईल असा कायदा व्हायला त्यानंतर 37 वर्षं लागली. आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण अधिनियम 2007 चा. त्यातलं 23 वं कलम प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला माहीत असायला हवं. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही, तर ते हस्तांतर रद्द ठरवून घेता येतं. कळीचा मुद्दा ‘अटीवर’ या शब्दात आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2022 च्या एका निकालात म्हटलं की सांभाळाची अट असल्याचं सिद्ध झालं पाहिजे. जानेवारी 2025 मधल्या दुसऱ्या निकालात हा कायदा ज्येष्ठांच्या हिताचा आहे, तो उदारपणे लावावा, असं सांगत एका आईची मालमत्ता परत दिली. तेव्हा बक्षीसपत्र करायचंच असेल तर ‘देणाऱ्याचा हयातभर सांभाळ, औषधपाणी आणि राहण्याची सोय घेणाऱ्याने करावी’ हे वाक्य दस्तातच लिहून घ्या. मुलं चांगली असतील तर त्या वाक्याने त्यांचं काही बिघडत नाही.

सोबतीबद्दल आपल्याकडे फार गैरसमज आहेत. एकत्र कुटुंब म्हणजे सुखी म्हातारपण, असं आपण धरून चालतो. मघाच्याच राष्ट्रीय पाहणीत साठीपुढची सुमारे 6 टक्के माणसं एकटी राहताना आढळली. बाकीची कुणा ना कुणासोबत राहतात. तरीही प्रश्नावली वापरून तपासलं तेव्हा 8.3 टक्के वृद्धांमध्ये तीव्र नैराश्याची लक्षणं दिसली, आणि ‘तुम्हाला नैराश्य असल्याचं कुणी निदान केलं आहे का’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणणारे होते 0.8 टक्के. दहात नऊ जणांचं दुखणं कुणाला कळलेलंच नाही. कळणार तरी कसं? आपल्या आज्या ‘मला नैराश्य आलंय’ असं म्हणत नाहीत. त्या म्हणतात, जीव रमत नाही, तोंडाला चव नाही, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. मग त्यांना भुकेचं टॉनिक आणि झोपेची गोळी मिळते.

भरल्या घरातल्या या एकटेपणावर उपाय म्हणून नुसती करमणूक पुरत नाही, हे 1976 सालच्या एका प्रयोगात दिसलं. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातल्या एका वृद्धाश्रमात एलेन लँगर आणि जुडिथ रॉडिन या मानसशास्त्रज्ञांनी एका मजल्यावरच्या वृद्धांना सांगितलं, तुमच्या खोलीची मांडणी तुम्ही ठरवा, सिनेमा कधी बघायचा ते ठरवा, आणि हे रोप निवडून त्याची निगा तुम्ही राखा. दुसऱ्या मजल्यावरच्यांनाही रोप मिळालं, सिनेमा मिळाला, पण सगळं कर्मचारी करणार होते. ठरवण्याची मुभा मिळालेले वृद्ध जास्त उत्साही आणि समाधानी दिसले. प्रयोग लहान होता, त्याच्या आकडेमोडीवर पुढे टीकाही झाली. पण त्यातला मुद्दा आपल्या घरात पडताळून बघता येतो. आज भाजी कुठली करायची, हे आजीला शेवटचं कधी विचारलं होतं?

आगरी-कोळी समाजाकडे याचं एक घरचं उदाहरण आहे, धवलारीण. लग्नात धवले गाणारी आणि विधी सांगणारी ही जाणती, वयस्क बाई. हळदीपासून कुठला विधी कधी, कुठलं गाणं कुणासाठी, हे तिच्या तोंडपाठ असतं. त्या दोन-तीन दिवसांत नवरदेवाच्या बापालाही तिचं ऐकावं लागतं. तिथे वय वाढलं की मान वाढतो, कारण जे लागतं ते तिलाच माहीत असतं. आता हळदीला डीजे येतो, रात्रभर भिंती हादरतात आणि धवलारिणीला घाईघाईने दोन गाणी म्हणायला सांगतात. संस्कृती बुडाली म्हणून गळा काढायचा नाही मला. तोंडपाठ गाण्यांचं ते भांडार आणि त्याबरोबर एका म्हातारीचा अधिकार, दोन्ही एकाच वेळी जातात, एवढंच सांगायचं आहे. पोरींनी ती गाणी मोबाइलवर टिपून घ्यायला सुरुवात केली तर निदान शिकवण्याचं काम तिच्याकडे राहील.

खाण्यापिण्याचं थोडक्यात. मासळी रोजच्या ताटात असल्याने प्रथिनांची चणचण कोळीवाड्यात इतरांपेक्षा कमी भासावी. पण पावसाळ्यात सुकी मासळी आणि खारवलेलं वाढतं, आणि दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ ही मर्यादा एका जेवणात संपते. रक्तदाबाची गोळी एका हाताने आणि खारा बोंबील दुसऱ्या हाताने, असं चालतं. मिश्री लावणाऱ्या आज्या आणि संध्याकाळी ‘थोडीशी’ घेणारे आजोबा यांना उपदेश करून उपयोग नसतो, पण दात आणि यकृत यांची तपासणी करून घेतली तर असतो.

दवाखाना गाठणं हा प्रश्न उरतोच. उरणला ग्रामीण रुग्णालय आहे. त्यापुढचं काही लागलं की पनवेल, नवी मुंबई, नाहीतर मुंबई. जानेवारी 2024 मध्ये उरणपर्यंत लोकल आली आणि त्याच दिवशी अटल सेतूही खुला झाला. मुंबई जवळ आली हे खरं, पण सेतूवरून जायला गाडी हवी आणि लोकलला जायला आधी स्टेशन गाठायला हवं. सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न न बघता, आयुष्मान भारतमधून पाच लाखांपर्यंतचे उपचार ऑक्टोबर 2024 पासून मिळतात. कार्ड काढलेलं नसेल तर आजच आधारकार्ड घेऊन काढा. दवाखान्यात दाखल झाल्यावर धावाधाव करू नका.

दर 1 ऑक्टोबरला ज्येष्ठ नागरिक दिन येतो. गावोगावी मंडप पडतो, शाल-श्रीफळ होतं, पुढाऱ्यांची भाषणं होतात आणि ज्यांचा सत्कार आहे त्यांना मागच्या रांगेत भाषण ऐकू येत नाही. ग्रामपंचायतींनी आणि मच्छीमार सोसायट्यांनी एक वर्ष शाली घेऊ नयेत. त्या पैशांत कानांची आणि डोळ्यांची तपासणी ठेवावी, जवळचे चष्मे वाटावेत, आणि श्रावणबाळ, वृद्धांच्या सहायक साधनांसाठीची वयोश्री आणि आयुष्मान यांचे अर्ज भरून द्यायला महिन्यातून एक दिवस एक लिहिता-वाचता तरुण पंचायतीत बसवावा. घरात छळ होत असेल, कुणी सोडून दिलं असेल किंवा नुसती माहिती हवी असेल, तर ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन 14567 आहे. ती मोफत आहे आणि सकाळी 8 ते रात्री 8 चालू असते. निर्वाहखर्चाचा अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करायचा असतो. तो ज्येष्ठाला स्वतः करता येतो किंवा त्याच्या वतीने एखाद्या संस्थेलाही, आणि त्यावर साधारण 90 दिवसांत निर्णय द्यावा असं कायदा सांगतो. हा क्रमांक आणि ही मुदत मोठ्या अक्षरांत लिहून घरातल्या कॅलेंडरशेजारी लावा.